गिऱ्हाईक विचारतं, "दुरुस्त करू की नवा घेऊ?" टीव्ही दुकानदारांसाठी एक धडा

आजचा धडा टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या आणि टीव्ही विकणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी आहे. घरी टीव्ही असलेल्या कुणालाही तो उपयोगी पडेल, पण मी बोलणार आहे ते काउंटरच्या आतल्या बाजूने. व्हिडिओत वेळेअभावी आकडेमोड भरभर झाली, म्हणून इथे ती सावकाश मांडते. वही-पेन घेऊन बसा.

टीव्ही घेऊन आलेल्या माणसाचे प्रश्न दोनच असतात. खर्च किती येईल? आणि एवढा खर्च करण्यापेक्षा नवाच घेऊ का? पहिल्याचं उत्तर प्रत्येक मेकॅनिक देतो. दुसऱ्यावर मात्र बहुतेक जण "बघा, तुमची मर्जी" म्हणून मोकळे होतात, नाहीतर ज्यात आपला फायदा जास्त तेच सांगतात. दोन्हीत धोका आहे. तुम्ही "करून देतो" म्हणालात, त्याने चार हजार मोजले आणि चार महिन्यांत टीव्ही परत बंद पडला, तर तो माणूस अख्ख्या गल्लीत सांगत फिरतो. उलट तुम्ही "आता नवाच घ्या" म्हणालात आणि तोच टीव्ही पुढच्या चौकातल्या पोराने दीड-दोन हजारात चालू करून दिला, तर तो तुमच्याकडे साधी रिमोटची बॅटरी घ्यायलाही येत नाही. म्हणजे हा सल्ला फुकटचा वाटला तरी तुमच्या धंद्यातली सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे, आणि ती अंदाजाने देऊन चालत नाही.

आधी तास काढा

गिऱ्हाईक सांगतं, "पाच वर्षंच झाली हो घेऊन." आपण लगेच मान डोलावतो. पण पाच वर्षं म्हणजे किती? रिक्षा किती वर्षांची आहे यापेक्षा ती किती किलोमीटर फिरली हे आपण बघतो. टीव्हीचंही तसंच करायचं.

एका घरात नवरा-बायको दोघं नोकरीला जातात, टीव्ही संध्याकाळी चार तास लागतो. वर्षाला १,४६० तास. दुसऱ्या घरात आजी-आजोबा दिवसभर घरी असतात, सकाळच्या भजनापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत टीव्ही चालूच, धरा दहा तास. वर्षाला ३,६५०. आणि तिसरा टीव्ही मिसळीच्या हॉटेलात भिंतीवर टांगलेला, सकाळी आठ ते रात्री दहा. चौदा तास म्हणजे वर्षाला ५,११०. हॉटेलातला तीन वर्षांचा टीव्ही १५,३३० तास चाललेला असतो. तेवढे तास व्हायला पहिल्या घरातल्या टीव्हीला साडेदहा वर्षं लागतात! दोघांच्या बिलावर तारीख वेगळी, पण आतून ते एकाच वयाचे आहेत.

"पूर्वीचे टीव्ही वीस-वीस वर्षं चालायचे, आता सगळा माल हलका," हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. त्यात थोडं तथ्य आहे, पण पूर्ण नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आलं. त्या काळात कार्यक्रम मुख्यतः संध्याकाळी काही तासच असायचे. शटरचा लाकडी टीव्ही दिवसातला बहुतेक वेळ शटर लावून, वर क्रोशाचा रुमाल घेऊन गप्प उभा असायचा. पुढे नव्वदच्या दशकात केबल आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं आणि टीव्ही दुपारीही लागू लागला. शिवाय ते जुने टीव्ही वीस वर्षं न बिघडता चालत नव्हते. त्यांची दुरुस्ती व्हायची, आणि वारंवार व्हायची. टीव्हीची किंमत घरातल्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी असल्यामुळे दुरुस्तीशिवाय दुसरा विचारच कुणी करत नसे. आज ३२ इंची टीव्ही महिन्याच्या पगारात येतो, म्हणून प्रश्न बदललाय.

तेव्हा जॉब कार्डवर खरेदीच्या वर्षाशेजारी एक रकाना वाढवा: रोज किती तास? आणि दुसरा: कुठे लावलेला? या दोन उत्तरांवर अर्धं निदान होतं.

मरतं काय?

एलईडी टीव्हीच्या बॅकलाइटचं आयुष्य साधारण ५०,००० तास सांगितलं जातं. याचा अर्थ एवढ्या तासांनी उजेड निम्मा होतो असा धरतात. रोज पाच तासांच्या हिशोबाने हे सत्तावीस वर्षं होतात. मग सात-आठ वर्षांत टीव्ही आपल्या टेबलावर का येतो? कारण तो आकडा चांगल्या थंडाव्यात, ठरलेल्या करंटवर चालणाऱ्या एलईडीचा आहे. टीव्हीत एलईडी एकटा नसतो. त्याच्या पट्ट्या असतात, म्हणजे स्ट्रिप, आणि स्ट्रिपमधले एलईडी एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेसारखं. एक उघडला की पूर्ण ओळ जाते, आणि बऱ्याच सेटमध्ये ड्रायव्हर संरक्षण म्हणून सगळाच बॅकलाइट बंद करतो. म्हणजे चाळीसपैकी एकोणचाळीस एलईडी ठणठणीत असले तरी गिऱ्हाईक म्हणतं, "टीव्ही गेला."

याची ओळख सोपी आहे. आवाज येतो, चॅनेल बदलतं, चित्र नाही. खोलीत अंधार करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरका धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं, तर पॅनेल जिवंत आहे, फक्त मागचा दिवा गेलाय. ही चाचणी गिऱ्हाईकासमोर करा. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी चित्र दिसतं आणि पुढच्या तुमच्या प्रत्येक वाक्यावर त्याचा विश्वास बसतो.

बॅकलाइटची आणखी दोन लक्षणं आहेत. स्क्रीनवर मधेच पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवरची प्लॅस्टिकची लेन्स गळून पडलेली असते. ती परत चिकटवता येते, एलईडी चांगले असतील तर मोठा पार्ट लागतच नाही. आणि सगळं चित्र निळसर-जांभळं दिसायला लागलं असेल तर एलईडीवरचा पिवळा फॉस्फर थकलाय. गिऱ्हाईकाला वाटतं पॅनेल गेलं, आणि काही दुकानात त्याला तसंच सांगितलंही जातं. ते सांगू नका.

स्ट्रिप बदलताना फक्त जळालेला एलईडी बदलून पाचशे रुपयांत काम भागवायचा मोह होतो. गिऱ्हाईकही तेच मागतं. पण त्या स्ट्रिपवरचे बाकीचे सगळे एलईडी तेवढेच तास चाललेले आहेत. आज एक गेला, दोन महिन्यांनी शेजारचा जाणार, आणि तेव्हा मजुरी कोण देणार यावर वाद होणार. पूर्ण सेट बदला, आणि ड्रायव्हरचा करंट थोडा कमी करून द्या. चित्राच्या उजेडात फरक जेमतेम कळतो, पण एलईडी गार राहतो. आयुष्य वाढतं ते त्याने.

दुसरा नेहमीचा बळी म्हणजे पॉवर सप्लायमधला कॅपॅसिटर. त्याच्या अंगावर काय छापलंय ते कधी वाचलंय? "१०५ डिग्री" असं असतं, आणि डेटाशीटमध्ये पुढे तास दिलेले असतात, साध्या मालात बहुधा २,०००. इतकेच? घाबरू नका. हे तास पूर्ण १०५ डिग्रीवरचे आहेत. ढोबळ नियम असा, की तापमान दर १० डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ९५ ला ४,०००, ८५ ला ८,०००, ७५ ला १६,००० आणि ६५ ला ३२,०००.

आता हे आपल्या टीव्हींना लावून बघा. घरातला टीव्ही, हवेशीर भिंतीवर, कॅपॅसिटर ६५ डिग्रीवर, रोज पाच तास. ३२,००० तास म्हणजे सतरा वर्षं. तोच टीव्ही लाकडी शोकेसच्या खणात, मागे-वर-बाजूला जागा नाही, कॅपॅसिटर ७५ वर. १६,००० तास, म्हणजे नऊ वर्षांच्या आत. आणि हॉटेलात, भटारखान्याच्या खिडकीवर, तोच ७५ डिग्रीवरचा कॅपॅसिटर चौदा तास चालला तर तीन वर्षं! हिशोब ढोबळ आहे, पण आपल्याकडे येणाऱ्या टीव्हींशी तो जुळतो. गिऱ्हाईक म्हणतं कंपनी खराब. बऱ्याचदा जागा खराब असते.

कॅपॅसिटर वर फुगलेला दिसतो, टीव्ही चालू व्हायला वेळ घेतो, टिकटिक करतो किंवा लाल दिवा लुकलुकत राहतो. ही दुरुस्ती स्वस्त आहे आणि जवळजवळ नेहमी करण्यासारखी आहे. पॅनेलला हातही लागत नाही.

मेन बोर्डाचं जरा वेगळं. टीव्ही लोगोवर अडकतो, पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतो, तेव्हा बोर्ड बदलण्याआधी सॉफ्टवेअर नव्याने टाकून बघा. नाही झालं तर मेमरी चिप संपलेली असू शकते. नामांकित कंपनीचा बोर्ड मिळेल का, कितीला मिळेल, हे विचारून मगच आकडा सांगा. कंपनीच राहिली नसेल तर? आपल्या चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तिचे टीव्ही घराघरात होतेच. अशा वेळी स्ट्रिप मापाने, एलईडीच्या संख्येने आणि व्होल्टेजने जुळवता येते. ३ व्होल्टचा एलईडी आहे की ६ व्होल्टचा, एवढं मोजून घ्या. साध्या सेटला युनिव्हर्सल बोर्डही बसतो. म्हणून "कंपनी बंद झाली, आता काही होणार नाही" असं लगेच म्हणू नका.

राहिलं पॅनेल. टीव्हीच्या किमतीचा सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचा. मुलाने रिमोट फेकून तडा पाडला, तर ते वॉरंटीत बसत नाही आणि बदलण्यातही सहसा अर्थ नसतो. उभ्या रेघा आल्या असतील तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडून बघा. रेघा मेनूवरही असतील तर दोष सेट-टॉप बॉक्समध्ये नाही, टी-कॉन किंवा पॅनेलमध्ये आहे. टी-कॉन असेल तर वाचला. पॅनेलच्या कडेचं बॉण्डिंग सुटलं असेल तर मशीनवर ते परत करून देणारे लोक मोठ्या शहरांत आहेत, पण त्या कामाच्या टिकाऊपणाची हमी मी माझ्या विद्यार्थ्यांना देऊ देत नाही.

पॅनेलच्या खालच्या कडेचा एक खून मात्र घराघरात होतो. काच पुसायचा फवारा थेट स्क्रीनवर मारतात, थेंब ओघळून खाली फ्रेममध्ये जातो आणि तिथे पॅनेलच्या बारीक ड्रायव्हर चिप असतात. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत असे टीव्ही हमखास येतात. कापड ओलसर करून, टीव्ही बंद ठेवून पुसायचं, हे प्रत्येक डिलिव्हरीच्या वेळी सांगा.

वर्षाला किती पडतं?

आता मुख्य हिशोब. बाजारात एक नियम फिरतो, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवा घ्या. वाईट नाही, पण अर्धवट आहे. त्यात पुढे किती दिवस मिळणार हे धरलेलंच नाही. त्यापेक्षा खर्चाला वर्षांनी भागा.

समजा, ४३ इंची टीव्ही, सहा वर्षं जुना, घरात रोज पाच तास. म्हणजे साधारण ११,००० तास. स्ट्रिप गेल्या. तुमचं बिल ३,५००. उघडून बघितलंत, बोर्ड काळवंडलेला नाही, कॅपॅसिटर सपाट आहेत, पॅनेल स्वच्छ आहे. अजून तीन वर्षं धरायला हरकत नाही. ३,५०० भागिले ३, वर्षाला सुमारे १,१७०. तसाच नवा टीव्ही समजा २४,००० ला आहे आणि आठ वर्षं चालेल. वर्षाला ३,०००. दुरुस्ती स्पष्ट स्वस्त.

त्याच टीव्हीचं पॅनेल गेलंय आणि खर्च १५,००० येतो म्हणा. नवं पॅनेल घातलं तरी बोर्ड, सप्लाय, सॉफ्टवेअर सहा वर्षं जुनंच. चार वर्षं धरली तरी वर्षाला ३,७५०. नव्यापेक्षा महाग. इथे "नवा घ्या" हे प्रामाणिक उत्तर आहे, आणि तुम्ही टीव्ही विकत असाल तर ते बिनधास्त सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तो हॉटेलवाला घ्या. ३२ इंची, तीन वर्षं, १५,३३० तास, स्ट्रिपचा खर्च १,८००. त्याच जागी त्याच तासांनी मी एकच वर्ष धरीन. वर्षाला १,८००. नवा ११,००० चा घेऊन तोही त्याच भट्टीवर लावला आणि साडेतीन वर्षं चालला, तर वर्षाला ३,१४०. म्हणजे दुरुस्तीच स्वस्त, पण त्याला खरा फायदा होणार आहे टीव्ही समोरच्या भिंतीवर हलवून आणि बॅकलाइट ८० वरून ५० वर आणून. हे काम तुम्ही दुरुस्तीतच करून द्या, ब्रॅकेट लावायचे वेगळे पैसे घ्या. हॉटेल, सलून, जिमवाल्यांना आणखी एक सांगायला हवं. घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत व्यावसायिक वापर बऱ्याचदा वगळलेला असतो. विकताना वॉरंटी कार्ड उघडून ती ओळ दाखवा. नंतर भांडण्यापेक्षा आधी दाखवलेलं बरं.

पुढची वर्षं किती धरायची हे विचारणारे बरेच जण आहेत. मनात तीन आलं तर दोन धरा. आणि वर्षाच्या आत दुसरा वेगळाच पार्ट गेला असेल तर दोन्ही बिलांची बेरीज करून मग भागा, कारण गिऱ्हाईकाच्या खिशातून दोन्ही गेलेत.

किमतीही बदलत असतात, जुने आकडे तोंडपाठ ठेवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यामुळे मोठ्या सेटच्या बाबतीत आधीचं दुरुस्तीचं गणित थोडं नव्याच्या बाजूने सरकलं. ३२ पर्यंतच्या सेटवर १८ टक्के आधीपासून होता, तिथे काही फरक नाही.

टीव्ही चांगला, पण ॲप चालत नाही

हा प्रकार दिवसेंदिवस वाढणार. टीव्हीचं चित्र उत्तम आहे, पण आतली ॲप जुनी झाली, अपडेट येत नाहीत, यूट्यूब उघडायला दोन मिनिटं लागतात. हे सगळ्या कंपन्यांच्या टीव्हीत होतं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही स्मार्ट टीव्हींवर चालणं बंद केलं. पॅनेलला काहीही झालेलं नव्हतं.

अशा गिऱ्हाईकाला नवा टीव्ही विकणं सोपं आहे, कारण तो मनाने तयार होऊनच आलेला असतो. पण एचडीएमआय पोर्टला तीन-चार हजारांची स्टिक लावली की तोच टीव्ही परत नवा होतो. चांगल्या कंपनीची स्टिक द्या. अनोळखी स्वस्त बॉक्सवर बऱ्याचदा मोठ्या ॲपना पूर्ण दर्जाचं चित्र देण्याची परवानगीच नसते, आणि तक्रार तुमच्याकडे येते. माझं मत विचाराल तर स्टिक विका, सेट लावून द्या, जोडणीचे पैसे घ्या. हा माणूस दोन वर्षांनी टीव्ही घ्यायला तुमच्याकडेच येतो. विक्रीचं टार्गेट डोक्यावर असलेल्या डीलरला हे पटत नाही, ते मला माहीत आहे.

काउंटरवर काय बोलायचं

उदाहरण देते. पंचावन्न-साठ वर्षांचे गृहस्थ, मुलाबरोबर आलेत, टीव्ही रिक्षात ठेवलाय.

"काका, टीव्ही कुठे लावलाय घरी? आणि रोज साधारण किती वेळ चालतो?"

"हॉलमध्ये. दुपारी आमच्या हिच्या मालिका, रात्री बातम्या. सहा-सात तास धरा."

टॉर्च लावून दाखवता. "हे बघा, आत चित्र दिसतंय ना? पॅनेल चांगलं आहे, मागचा दिवा गेलाय. पूर्ण सेट बदलायचे साडेतीन हजार. अजून दोन वर्षं तरी चालावा असा माझा अंदाज. नवा घेतलात तर चोवीस हजार. आत्ता मी तुमच्या जागी असतो तर दुरुस्त केला असता."

"आणि परत बिघडला तर?"

"या स्ट्रिपची सहा महिने जबाबदारी माझी, लिहून देतो. दुसरा पार्ट गेला तर त्याचा खर्च वेगळा, पण तपासणीचे पैसे घेणार नाही. अजून एक गोष्ट आधीच सांगतो काका. स्ट्रिप बदलायला पॅनेल पूर्ण बाहेर काढावं लागतं. कागदासारखं पातळ असतं. काळजी घेतोच, पण जोखीम असते."

शेवटचं वाक्य बहुतेक दुकानदार गिळतात, आणि मग एखाद दिवशी पॅनेल हातात तडकतं. तेव्हा बोललेलं कुणी ऐकत नाही. पॅनेल तुमच्या हातून तुटलं तर काय करायचं हे आधीच ठरवा, जॉब कार्डवर छापा आणि सही घ्या. काही जण अर्धा तोटा स्वतः सोसतात, काही जण तेवढ्यासाठी प्रत्येक बॅकलाइटच्या कामात शे-दोनशे बाजूला ठेवतात. मला दुसरी पद्धत जास्त आवडते. पंचावन्न इंच आणि त्यापुढचा सेट एकट्याने उघडायचा नाही, दोन माणसं हवीत, आणि त्या दुसऱ्या माणसाची मजुरी बिलात धरायची. टीव्ही आत घेताना समोरून, मागून फोटो काढा. आधीपासूनचा ओरखडा तुमच्या नावावर लागत नाही.

पावसाळ्याआधी

एप्रिल-मे महिन्यात वळीव सुरू झाला की टीव्हींची रांग लागते. वीज दूर पडली तरी तिचा दाब लाइनमधून आणि डिशच्या केबलमधूनही येतो. एचडीएमआय पोर्ट जळून आलेले सेट बहुतेक याच वाटेने गेलेले असतात. म्हणून गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग काढायचा आणि सेट-टॉप बॉक्सची डिशवाली केबलही सोडायची. नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही. एवढं एक वाक्य छापलेला स्टिकर प्रत्येक विकलेल्या टीव्हीच्या मागे लावा, तुमच्या फोन नंबरसह.

स्टॅबिलायझर घ्यावा का? आजचे बरेच सेट १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. कमी दाबाने ते जात नाहीत, अचानक वाढलेल्या दाबाने जातात. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. तिथे साधी स्पाइक पट्टी पुरत नाही, दाब वाढला की लाइन तोडणारं उपकरण लागतं. लाइन सारखी वर-खाली होणाऱ्या गावात ते विका. शहरात चांगली स्पाइक पट्टी पुरे, पण तिच्यातला एमओव्ही प्रत्येक झटक्याला थोडा झिजतो, म्हणून काही वर्षांनी ती बदलायची असते.

ओएलईडी सेटवाल्यांना उलटी सूचना द्यावी लागते. ते सेट रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत पिक्सेल सारखे करण्याचं काम करतात. लगेच भिंतीवरचं बटण बंद केलं तर ते काम होत नाही. आणि दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावणाऱ्या घरात ओएलईडी देऊ नका, लोगो आणि खालची पट्टी कायमची उमटते.

जुन्याचं काय करायचं

नवा विकला की जुना तुमच्याकडे येतो. चालू असेल तर दुरुस्त करून, तास लिहून, तीन महिन्यांच्या जबाबदारीवर विका. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांना असे सेट हवेच असतात. तडकलेल्या पॅनेलच्या सेटमधला चांगला बोर्ड, सप्लाय, स्पीकर मॉडेल नंबर लिहून ठेवा. त्या मॉडेलचं पुढचं गिऱ्हाईक आलं की तोच बोर्ड कामाला येतो.

उरलेलं भंगारवाल्याला तोडायला देऊ नका. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, आणि एलईडीच्या आधीच्या एलसीडी सेटच्या बॅकलाइट नळ्यांत पारा. आपल्या मागच्या अंगणात फोडलं तर ते आपल्याच मातीत जातं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात उत्पादकांवर जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवण्याची जबाबदारी आहे. तुम्ही ज्या कंपनीचे डीलर आहात तिच्या प्रतिनिधीला विचारा, गोळा करण्याची सोय काय आहे. दहा-पंधरा सेट साठले की एकदम द्या आणि पावती घ्या.

गृहपाठ. मागच्या वीस जॉब कार्डांवरच्या गिऱ्हाइकांना फोन लावा आणि दोनच गोष्टी विचारा, टीव्ही रोज किती तास चालायचा आणि कुठे लावला होता. वहीत चार रकाने करा: एकूण तास, जागा, गेलेला पार्ट, तुम्ही दिलेला सल्ला. दुरुस्त केलेल्यांपैकी किती अजून चालू आहेत तेही त्याच फोनवर विचारून घ्या. पुढच्या धड्यात आपण दुरुस्तीची जबाबदारी किती महिन्यांची द्यायची ते ठरवणार आहोत, तेव्हा ही वही समोर लागेल.